एका मजल्याला एकच रंग

रंगारी घरात आला, त्याने हॉलच्या छताकडे पाहिलं आणि नुसतं "च्च" केलं. बस्स, एवढंच. पण त्या एका "च्च"ने तुडतुडी अशी धसकली, की डॉक्टरांनी रिपोर्ट बघता बघता "बरोबर घरचं कोणी आलंय का?" असं विचारल्यावरही कोणी तेवढं धसकणार नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"आधीचा रंग कोणी केला होता?"

(हा प्रश्न जगातला प्रत्येक रंगारी विचारतो. आधीच्याने काम चांगलं केलंय, असं म्हणणारा रंगारी अजून जन्माला यायचाय.)

"आईला विचारू या का?" बाबा म्हणाले.

बाबांचा हा उपाय सगळ्या दुखण्यांवर चालायचा. ऑफिसात ते मोठे साहेब होते, कितीतरी लोक त्यांच्या सहीसाठी ताटकळत उभे राहायचे. पण घरात शिरताना बूट आणि निर्णय दोन्ही ते दाराबाहेर काढून ठेवत. आणि नेमकी आई या वेळी तिच्या ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. हॉलचा रंग पुढे ढकलायचा म्हणत होती, तेव्हा तुडतुडी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "तू जा. मला सुट्टीच आहे, मी करून घेते."

तुडतुडी ही पंधरा वर्षांची मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून तुडतुडी. नुकतीच वक्तृत्व स्पर्धा जिंकली होती आणि त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं होतं, की आपण बोललो की माणसं ऐकतात. आईला मात्र अजून तसं वाटत नव्हतं. म्हणूनच घराची किल्ली तुडतुडीकडे नव्हती. शाळा सुटली की समोरच्या मावशींकडे जाऊन बसायचं, "डबा संपवलास का? केस असे का? आज बाई काय म्हणाल्या?" या फेऱ्या पार करायच्या, आणि आई आली की मगच घरी. इतक्या मोठ्या मुलीने! मैत्रिणींना तर तिने सांगूनही ठेवलं होतं की किल्ली आहे, पण जड पडते म्हणून आणत नाही.

निघताना आई लिफ्टपाशी थांबून म्हणाली होती, "मी परत येईपर्यंत घर जागेवर राहिलं, तर तुला तुझी किल्ली देईन. आणि नाही राहिलं, तर बारावीपर्यंत विषय काढायचा नाही."

म्हणजे बघा. इथे भिंत रंगत नव्हती, तुडतुडीचं भवितव्य रंगत होतं.

खरं सांगायचं तर हॉलचं काम ठीकच झालं. शेजारचे सूचनाकाका दर तासाला येऊन उंबऱ्यात उभे राहत आणि सूचना करत, एवढंच. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, सूचनांतून ते निवृत्त झाले नव्हते. "भेगांत लांबी नीट भर रे बाबा. भिंतीच्या भेगा म्हणजे संसारातल्या कुरबुरी, वरून रंग मारला म्हणून जात नाहीत." रंगाऱ्याने त्यांना एकदा शिडीच धरायला लावली, तेव्हा त्यांना अचानक घरी दूध तापत ठेवल्याचं आठवलं.

पण रंगाचे दोन्ही हात मारून झाले, भिंती दुधी पिवळ्या उजळल्या, आणि मग तुडतुडीचं लक्ष दाराकडे गेलं.

नवा शर्ट घातला की जुनी चप्पल डोळ्यांत खुपते ना, तसं. कालपर्यंत ते दार म्हणजे नुसतं दार होतं. आज ते आजारी दिसत होतं. खालच्या बाजूला पांढुरकं पडलेलं, कडीभोवती हातांचे डाग, मध्ये एक लांबलचक ओरखडा.

"दाराचं काय?" तिने रंगाऱ्याला विचारलं.

"लाकडाचं काम वेगळं," तो ब्रश धुताधुता म्हणाला. "ते भिंतीसारखं नसतं. हात लावू नका."

आता वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या मुलीला "हात लावू नका" म्हणणं म्हणजे मांजराला दूध झाकून ठेवलंय असं सांगणं. रंगारी गेला. बाबा ऑफिसात होते. तुडतुडी दार नुसतं लोटून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि लाकडाला द्यायचा रंग मागितला. दुकानदाराने छटांचा पुठ्ठा समोर टाकला. तिने 'अक्रोडी' निवडली, कारण ती भारदस्त वाटली.

"केवढा डबा देऊ?"

केवढा लागतो ते तिला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची तिची सवय नुकतीच सुटली होती. "मोठा," ती म्हणाली. दुकानदाराने जो डबा दिला, तो ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून, चार ठिकाणी टेकवत घरी घेऊन आली.

आणि ती बेफिकीर होती असं नाही हं! तिने आधी नमुना घेतला. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरला आतून एक फटकारा मारला. कोरं, फिकं लाकूड. काय सुंदर मधासारखा रंग आला! तिने मनातल्या मनात किल्लीला अडकवायचं गोंडा असलेलं कीचेनसुद्धा निवडलं.

दार मात्र कोरं नव्हतं. त्याच्या अंगावर जुनं पॉलिश होतं, त्यावर त्याहून जुनं. ते आधी घासून काढायचं असतं, हे नंतर सगळ्यांनी तिला सांगितलं. पहिला हात मारला तर कुठे रंग बसला, कुठे ओघळला. दाराला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. म्हणून दुसरा हात. मग जिथे दोनदा बसला तिथे काळपट आणि जिथे घसरला तिथे लालसर. ते झाकायला तिसरा. चौथ्या हातानंतर दार एकसारखं झालं. संपूर्ण एकसारखं. आतून, बाहेरून, कडांना, चौकटीला.

वांग्याच्या रंगाचं.

बाबा संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर आले, दाराकडे बघून "सॉरी हं" म्हणाले आणि परत लिफ्टमध्ये शिरले. तुडतुडीने धावत जाऊन त्यांना आणलं.

"हे... असंच राहणार?" त्यांनी विचारलं.

"वाळल्यावर उजळेल," ती म्हणाली. वाळल्यावर ते आणखी गडद झालं.

"आईला विचारू या का?"

"बाबा!"

तेवढ्यात फोन वाजला. आईच.

"काय गं, सगळं ठीक?"

"एकदम! भिंती इतक्या छान झाल्यात ना आई!"

"बरं. आणि दार नीट लावून घेता ना? बाबांच्या लक्षात राहत नाही."

"दाराकडे," तुडतुडी म्हणाली, "मी स्वतः खूप लक्ष देतेय."

खोटं नव्हतं ते. पण फोन ठेवल्यावर तिला जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर सारखी बारावी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरीसाहेब. हे इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी, आणि राहायला याच मजल्यावर, चौथ्या दाराआड. मजल्यावर दारं चारच: तुडतुडीचं, समोरच्या मावशींचं, सूचनाकाकांचं आणि यांचं. सेक्रेटरीसाहेब आधी खाकरत, मग बोलत. बायकोने चहात साखर किती घालू विचारलं तरी आधी खाकरत असावेत.

"अहेम. हे काय आहे?"

"दार," बाबा म्हणाले.

"दार मला दिसतंय. रंग काय आहे?"

"अक्रोडी," तुडतुडी म्हणाली.

"अक्रोड मी खाल्लेले आहेत," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "नियम ऐका. एका मजल्यावरच्या सर्व दारांची बाहेरची बाजू एकाच छटेची असली पाहिजे. समितीने ठरवलेली छटा."

"कोणती छटा?"

सेक्रेटरीसाहेब थांबले. खाकरले. "मध्यम."

"मध्यम म्हणजे?"

"म्हणजे फार नाही आणि कमी नाही. असं मुलीसारखं उलट बोलू नये."

"मी मुलगीच आहे, काका."

बाबांनी तिचा खांदा दाबला. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा पुसला. "हे बघा, मला तुमच्या मिसेसकडे विषय न्यायचा नाही. त्या येईपर्यंत एकतर तुमचं दार या तिघांसारखं करा, नाहीतर..." इथे ते हसले, आपल्याच विनोदावर खूश होऊन, "नाहीतर या तिघांची तुमच्यासारखी करा! ह्या ह्या ह्या!"

ते हसत हसत गेले. बाबा कसनुसं हसले. तुडतुडी हसली नाही. तिचे डोळे डब्याकडे गेले. चार हात मारूनही तो अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

तिने आधी घासून बघितलंच. बाबा आतून आणि ती बाहेरून, पॉलिशपेपरने, खांदे निखळेपर्यंत. चौकोनी रुमालाएवढा भाग घासला गेला आणि त्यातून जे निघालं ते कोणत्याच समितीने ठरवलेलं नव्हतं. रंगारी बघून म्हणाला, "च्च." आई रविवारी सकाळी येणार होती. म्हणजे मधले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच.

मग तुडतुडीने वेणी घट्ट बांधली आणि मावशींची बेल वाजवली.

"मावशी, एक सांगायचं होतं. तुम्हाला कळलं असेलच, आपल्या मजल्यावरची दारं एकसारखी होणारेत. सूचनाकाका तर म्हणाले, आधी माझं करा."

"त्यांचं आधी?" मावशींचा हात कमरेवर गेला. "का म्हणून? आम्ही या मजल्यावर त्यांच्या आधी राहायला आलोय!"

तिथून ती सूचनाकाकांकडे. "काका, मावशी म्हणतात त्यांचं आधी व्हायला पाहिजे."

"त्यांना लाकडातलं काय कळतं? माझं आधी. आणि मी सांगेन तसं!" रंगाबद्दल काकांनी विचारलंच नाही. एखाद्या कामात आपण शेवटचे राहू नये, यापुढे रंग ही फार किरकोळ गोष्ट असते.

रंगाऱ्याने शनिवारी दोन्ही दारं व्यवस्थित घासून, रंग देऊन केली. तुडतुडीचंही नीट करून दिलं, घासलेला चौकोन बुजवला आणि वर वॉर्निश चढवलं. पण घासलेल्या लाकडावर अक्रोडी रंग मधासारखा येऊ लागला ना! तुडतुडी हादरली. "नको नको, चांगला नको! आमच्यासारखा करा!" आपलं काम मुद्दाम बिघडवायला सांगणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. तो बिचारा हातावर हात चढवत राहिला, दारं वांगी होईपर्यंत.

दुपारी सेक्रेटरीसाहेब लिफ्टमधून बाहेर आले. समोर तीन दारं झळाळत होती, गडद आणि एकजात. चौथं त्यांचं, फिकं, एकटं. पंगतीत पान न वाढलेल्या माणसासारखं.

"काका," तुडतुडी अतिशय नम्रपणे म्हणाली, "एका मजल्यावरच्या सर्व दारांची बाहेरची बाजू एकाच छटेची असली पाहिजे ना?"

सेक्रेटरीसाहेब खाकरले. पुन्हा खाकरले. मग तिसऱ्यांदा. पण नियम त्यांचाच होता. आपल्या हाताने लावलेल्या झाडाची फांदी डोक्यात पडली तर ओरडायचं कोणावर? "डबा आहे का उरलेला?" त्यांनी हळूच विचारलं.

चौथं दार झालं. डबा रिकामा झाला. रंगाऱ्याने निघताना चारही घरांना बजावलं, "वॉर्निश कडांना पण आहे. आज रात्री दारं बोटभर उघडी ठेवा. लावलीत तर चौकटीला चिकटतील."

चारही घरांनी "हो हो" म्हटलं. आणि चारही घरांनी दारं लावून घेतली. कारण प्रत्येकाने विचार केला, बाकी तिघांची उघडी आहेत, तेव्हा मजल्यावर चोर येणार हे नक्की. बाबा तर कडीसुद्धा लावणार होते. "आईने फोनवर खास सांगितलंय ना, दार नीट लावून घ्या म्हणून," ते म्हणाले, आणि तुडतुडीने त्यांचा हात कडीवरून खाली ओढला. शेवटी त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं, पण मनापासून.

रविवारी सकाळी दूध घ्यायला बाबांनी दार ओढलं. दार जागचं हललं नाही. त्यांनी पाय भिंतीला लावून ओढलं. मूठ हातात आली.

बाबा मुठीकडे बघत राहिले. तुडतुडी बाबांकडे. मग पलीकडून मावशींच्या दारावर आतून धपाधप ऐकू आलं. "अहो, कोणी आहे का? आमचं दार उघडत नाहीये!" मग सूचनाकाका: "खालच्या बाजूने लाथ मारा! माझ्याही दाराला कोणीतरी लाथ मारा!" आणि मग, पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला निघालेले सेक्रेटरीसाहेब: "अहेम! अहेम! हे नियमात बसत नाही!"

सगळा मजला आत. बाहेर कोणीच नाही.

तुडतुडीने दाराच्या भिंगाला डोळा लावला. त्यावरही वॉर्निशचा थेंब पडला होता, त्यामुळे बाहेरचं जग काढ्यासारखं दिसत होतं. त्या काढ्यात लिफ्टचा दरवाजा उघडला आणि बॅग घेऊन आई बाहेर आली.

आईने एक वांगी दार बघितलं. दुसरं बघितलं. गोल फिरून उरलेली दोन बघितली. नावाच्या पाट्या रंगासाठी काढलेल्या, त्या अजून लावल्याच नव्हत्या. आई स्वतःशी काहीतरी पुटपुटली, लिफ्टमध्ये शिरली आणि निघून गेली.

"आई गेली!" तुडतुडी किंचाळली.

"कुठे?" बाबा घाबरले.

"वर! आईला वाटलं मजला चुकला!"

तुडतुडी भिंगाला चिकटून राहिली. एवढ्या वाईट गोष्टी तिने मनात रंगवल्या होत्या, पण आई आपल्या घरासमोर उभी राहील आणि तिला आपलं घरच ओळखू येणार नाही, हे त्यात नव्हतं. घर जागेवर ठेवायचं म्हणे!

काही वेळाने लिफ्ट परत आली. आई बाहेर आली, तोंडावर आता शंका नव्हती, संशय होता.

"आई! हेच आपलं घर!"

आई दचकली. "कुठलं दार बोलतंय?"

"हे!" तुडतुडी म्हणाली.

"नाही, आधी इकडे या!" मावशींचं दार म्हणालं.

"खालून लाथ मारा!" सूचनाकाकांचं दार म्हणालं.

"अहेम," चौथं दार म्हणालं.

आईने बॅग खाली ठेवली. "हे कोणी केलं?"

"रंगाऱ्याने!" सूचनाकाका ओरडले.

"सेक्रेटरींच्या नियमाने!" मावशी ओरडल्या.

"नियमाला दोष देऊ नका!" सेक्रेटरीसाहेब ओरडले.

बाबांनी तुडतुडीकडे बघितलं आणि मान अशी हलवली, की चालू दे ना, रंगाऱ्यावर जातंय तर जाऊ दे, तो कुठे इथे आहे? तुडतुडीच्या मनातही क्षणभर तेच आलं. पण रंगाऱ्याने तर चांगला रंग देत असताना आपणच त्याला बिघडवायला लावलं होतं! ते काही तिच्या घशाखाली उतरेना.

"मी केलं, आई," ती दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली. "आपलं दार मी बिघडवलं. मग ते वेगळं दिसू नये म्हणून बाकीच्यांनाही मीच तयार केलं. तिघांनाही."

बाहेर आईची पावलं दाराजवळ आली.

"तिघांनाही?" आईचा आवाज आला. "सेक्रेटरींना पण?"

"हो."

"घराचा चकचकीत पितळी नंबर बाहेर लावू नये म्हणून ज्यांनी मला वर्षभर पत्रं लिहिली, त्या सेक्रेटरींना तू दाराचा रंग बदलायला लावलास? वांगी?"

"अक्रोडी," चौथं दार दुखावलेल्या आवाजात म्हणालं.

आणि मग एक विचित्र आवाज. तुडतुडीला वाटलं आई रडतेय. तिने भिंगातून पाहिलं. आई बॅगेवर बसली होती, पदर तोंडाला लावून, आणि गदागदा हलत होती. हसत होती ती!

हसून झाल्यावर आईने कुलपात किल्ली फिरवली. "बाजूला व्हा दोघं," म्हणाली, आणि खांद्याने अशी एक धडक दिली की दार फाडकन उघडलं आणि मुठीसकट बाबा सोफ्यावर. आत ओढून जे जमलं नव्हतं, ते बाहेरून ढकलून झालं. मग आईने आतली कडी काढायला लावून मावशींचं दार उघडलं, मग सूचनाकाकांचं. (ते बाहेर आले ते "कोपर वापरायला हवं होतं" म्हणतच.) चौथ्या दारापुढे मात्र ती जरा थांबली.

"सेक्रेटरीसाहेब, तो पितळी नंबर..."

"लावा, वहिनी, लावा! हवा तेवढा मोठा लावा!"

संध्याकाळपर्यंत आईने किल्लीचं नाव काढलं नाही. भिंती बघितल्या, ड्रॉवर उघडून तो मधासारखा फटकारा बघितला, "हा सुंदर आलाय" म्हणाली, एवढंच. तुडतुडी घरभर तिच्या मागून फिरत होती, विचारायचं धाडस होत नव्हतं. घर जागेवर होतं असं म्हणावं, तर म्हणायचं कुठल्या तोंडाने? चार चार घरं जागेवरून हलवली होती तिने.

शेवटी आईने पर्स उघडली आणि एक किल्ली टेबलावर ठेवली.

"घर काही जागेवर राहिलं नाही," ती म्हणाली. "पण विचारल्यावर तू जागेवर राहिलीस. घे. मात्र ब्रश दिसला हातात, तर किल्ली परत."

तुडतुडीने किल्ली मुठीत घट्ट धरली. किती दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

दार मात्र सुधारलं नाही. कडांना बसलेल्या हातांमुळे ते आजही चौकटीत ठासून बसतं. दुपारी शाळा सुटली की तुडतुडी येते, ऐटीत किल्ली फिरवते, दप्तर सावरून खांदा लावते, आणि धाडकन असा आवाज होतो की अख्ख्या मजल्याला कळतं कोण आलं ते. लगेच मावशी आतून हाक मारतात, "आलीस का गं? डबा संपवलास? थांब, मी येते!" पण मावशींचंही दार तसंच आहे. आतून ओढायचं म्हणजे त्यांना तीन-चार हिसके तरी द्यावे लागतात. तेवढ्यात तुडतुडी घरात.